कातर

तिचं नाव आधी दुसरंच होतं, आता कुणाला आठवत नाही.
चांदवडच्या अलीकडे, राहूड घाटाखाली तळ पडला
तेव्हा सात महिन्यांची होती,
आणि मागून जाऊन मेंढीच्या टाचेत
असा नेमका दात लावायची
की म्हसू म्हणाला, आई, ही तर कातर.

कातर धावली की कळप वळायचा, खरं आहे.
पण बुचडी लंगडायला लागली,
भुरकीच्या खुरावर माशा बसल्या,
हळद नि राख पुरेना.
ज्यांच्या कांद्याच्या रानात आम्ही बसलो होतो
ते पुंजाभाऊ बांधावरून बोलले:
खतासाठी मेंढरं बसवली, रगतासाठी नाही.
त्या रात्रीची बाजरी अर्धी पायली कमी आली.

सासरे म्हणाले, सुळे घासून टाकू. कानस आहे.
त्यांच्या बापानं तसंच केलं होतं एका कुत्र्याचं,
ते पुढं दोन पावसाळे भाकरी भिजवून खायचं.
मी म्हटलं, थांबा.
मग गळ्यात लोढणं बांधलं त्यांनी, बाभळीचं.
तीन दिवस ते तिच्या गुडघ्यांवर आपटलं,
चौथ्या दिवशी ती लोढण्यासकट पळायला शिकली
आणि चावली.

मला कुणी शिकवलं नव्हतं.
एवढंच पाहिलं होतं, की पळणाऱ्यालाच ती धरते.
उभ्या मेंढीला हुंगून निघून जाते.
म्हणून मी पायाला पोतं गुंडाळलं,
सुतळीनं आवळलं,
आणि उन्हं कलल्यावर रिकाम्या रानात
मेंढी झाले.

चालायचे. ती यायची. दात लागला की उभी.
ओरडायचं नाही, बघायचं नाही,
काठी वर करायची नाही.
दगड व्हायचं.
दगडाशी खेळण्यात काय मजा?
ती भोवती फिरायची, भुंकायची, बसायची.
बसली की पुन्हा चालायचे.
एका संध्याकाळी मी बावीस वेळा दगड झाले
आणि कांदाचाळीच्या सावलीपासून बांधापर्यंतही पोचले नाही.
पुंजाभाऊंची सून कांदे निवडत बघत होती,
शेवटी म्हणाली, अवो, तुमचं काही हरवलंय का रानात?

पोत्यातूनही लागायचं.
पोटरीवर चार टिकल्या, रोज नव्या.
एकदा मीही चुकले, शिवी दिली, चप्पल फेकली;
ती खुशीत चप्पल घेऊन पळाली
आणि दहा दिवसांचं काम गेलं.

मग एक दिवस, कुठला ते सांगता येत नाही,
ती आली, पोटरीशी तोंड आणलं,
ऊन श्वास लागला, दात नाही.
मी पुढचं पाऊल टाकलं. पुन्हा श्वास.
मी मुद्दाम पळाले,
या वयात, पातळ खोचून, वाळल्या पातीतून,
आणि ती माझ्या बाजूबाजूनं, तोंड मिटून,
अंगभर थरथरत.

आता ती खांद्यानं वळवते. डोळ्यानं वळवते.
बुचडी अजून तिला लांबूनच ओळखते, वाट बदलते;
त्याबद्दल मी बुचडीला काही सांगत नाही.
सासऱ्यांनी कानस परत पिशवीत टाकली,
बोलले काही नाहीत,
फक्त भाकरीचा चतकोर तिच्याकडे फेकला,
कोरडा, कडक.

रात्री वाघूर लावल्यावर ती माझ्या पायथ्याशी निजते.
महामार्गावरचे ट्रक घाट चढत कण्हतात.
झोपेत तिचे पाय हलतात,
आणि जबडा: कट, कट,
वाऱ्यातल्या कुठल्या तरी टाचेवर.
म्हसू तिला हलवायला जातो.
राहू दे, म्हणते मी.
तेवढं तिचं तिला असू दे.